उन्हाळ्यातली खाज: आधी ओळखा, मग मलम लावा

नाशिकचा उन्हाळा सौम्य, ही ख्याती आता जुनी झाली. शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने रात्री हवा निवते हे खरं, पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० अंशांना टेकतो. त्या वेळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेडखाली, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत खरड छाटणीवर, लासलगावकडे उन्हाळ कांद्याच्या काढणीवर आणि घरोघरी गॅससमोर माणसं घामाने निथळत असतात. अंगाला कंड सुटते ती यातल्या बहुतेकांना. कारण मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं आणि औषधही वेगळं लागतं. एकाला ज्या मलमाने आराम पडतो, त्याच मलमाने शेजारच्याचा आजार दुप्पट पसरतो. म्हणून या लेखात औषधाआधी ओळख आहे. ती पायरी कृपया गाळू नका.

आपल्याकडे उकाडा तीन प्रकारचा असतो, हे आधी लक्षात घ्यावं. मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत हवा कोरडी असते. या दिवसांत उन्हाची ऍलर्जी आणि कोरड्या त्वचेची खाज जास्त दिसते. मेअखेर ढग जमू लागतात, मृगाचा पाऊस पडेपर्यंत हवा दमट होते, घाम वाळतच नाही. घामोळं आणि बुरशीचे आजार फोफावतात ते या काळात. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरचा उकाडा येतो, तेव्हा दोन्हींची सरमिसळ होते. खाज कधी सुरू झाली, यावरूनच निम्मा अंदाज बांधता येतो.

पहिली पायरी: अंग थंड करा, नखं कापा

कारण कुठलंही असो, एवढं आजच करता येतं आणि त्यात धोका नाही. स्वच्छ सुती कापड साध्या गार पाण्यात भिजवून, पिळून, खाजणाऱ्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बर्फ थेट त्वचेवर घासू नका. खाज फारच असह्य झाली तर नखांऐवजी तळहाताने ती जागा दाबून धरा. खाजवल्याने त्वचा सोलते, सोललेली त्वचा जास्त खाजते, आणि नखांतले जंतू त्यात शिरले की पू धरतो. लहान मुलांची नखं तर दर तीन-चार दिवसांनी पाहावीत.

अंघोळ साध्या पाण्याने, दिवसातून एकदा-दोनदा. घामाच्या कामावरून आल्यावर अंग धुणं फार महत्त्वाचं. साबण काख, जांघा आणि पाय एवढ्यापुरता वापरा, बाकी अंगाला रोज साबण चोळायची गरज नसते. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा फेस नीट येत नाही, तो अंगावर साचून राहतो आणि त्वचा आणखी कोरडी पडते, म्हणून अशा घरी साबण कमीच बरा. पाण्यात जंतुनाशक द्रव टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. खाजणाऱ्या त्वचेला तो झोंबतो, तेव्हा बंद करा. अंग पुसताना घासू नका, टिपून घ्या, आणि घड्या पडतात त्या जागा पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय कपडे चढवू नका.

कूलरबद्दलही सांगायला हवं. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो छान काम करतो. पण हवा दमट झाली की तोच कूलर खोलीतला दमटपणा वाढवतो आणि घाम सुकू देत नाही. मेअखेर अंग चिकट वाटू लागलं की त्याचा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा फिरवा, खिडक्या उघड्या ठेवा. घामोळ्यात याने पडणारा फरक पुष्कळ पावडरींपेक्षा मोठा असतो.

दुसरी पायरी: आरशासमोर उभे राहा आणि पाहा

चांगल्या उजेडात, कपडे बाजूला करून, सगळं अंग नीट पाहा. पाठ घरातल्या कुणाला तरी दाखवा. तीन गोष्टी लिहून ठेवा: खाज कुठे आहे, दिवसात कधी वाढते, आणि घरात आणखी कुणाला आहे का.

पाठ, मान, छाती, कमरेचा पट्टा बसतो ती जागा, अशा ठिकाणी मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक लाल पुटकुळ्यांचे थवे असतील आणि टोचल्यासारखं होत असेल, तर ते बहुधा घामोळं. जांघेत, काखेत, स्तनांखाली किंवा परकराच्या नाडीखाली गोल चट्टा असेल, कडा उठावदार व लाल, मधला भाग फिकट आणि चट्टा दर आठवड्याला वाढतोय, तर तो नायटा किंवा गजकर्ण. गळ्याखालचा उघडा भाग, हाताची बाहेरची बाजू, मानेचा मागचा भाग, म्हणजे ऊन लागतं तेवढ्याच जागी पुरळ असेल तर उन्हाची ऍलर्जी. गांधी उठून तासाभरात किंवा दिवसभरात मागमूस न ठेवता विरत असतील तर ते पित्त. रात्री अंथरुणात पडल्यावर खाज अनावर होते, बोटांच्या बेचक्या, मनगटं आणि बेंबीभोवती बारीक पुरळ आहे आणि घरात दुसऱ्यालाही खाज आहे, तर ती खरूज. अंगावर काहीच दिसत नाही, फक्त त्वचा खरखरीत आणि पांढुरकी आहे, तर कोरडेपणा. आणि अंगावर काहीही नाही, त्वचाही कोरडी नाही, तरी खाज आहे, तर मूळ शरीराच्या आत असू शकतं. त्याबद्दल पुढे.

घामोळं

घामाच्या ग्रंथींतून बारीक नळ्या त्वचेच्या पृष्ठभागापर्यंत येतात. सतत ओली राहिलेली त्वचा फुगते, मेलेल्या पेशी आणि जंतू मिळून नळीचं तोंड बंद करतात, आणि मोरी तुंबल्यावर पाणी मागे साठावं तसा घाम त्वचेच्या आतच फुटतो. ते टोचणं त्यामुळेच. आपल्याकडे म्हणतात, ‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, पडू द्या.’ वस्तुस्थिती उलट आहे, बाहेर पडायला हवा तो घाम आत अडकलेला असतो. आंबे खाल्ल्याने घामोळं येत नाही, आणि नुसतं पाणी भरपूर प्यायल्याने ते जातही नाही. पाणी, ताक, लिंबू सरबत उन्हाच्या त्रासापासून वाचवतात, म्हणून जरूर प्यावं. पण घामोळ्याचा खरा इलाज म्हणजे घाम येणं थांबवणं आणि त्वचा कोरडी ठेवणं.

म्हणून दिवसातले काही तास तरी गार, वाऱ्याच्या जागी बसा. कपडे सैल आणि सुती हवेत. पॉलिस्टरचा युनिफॉर्म सक्तीचा असेल तर आत पातळ सुती बनियन घाला आणि जेवणाच्या सुट्टीत तो बदला. खाजेसाठी कॅलामाईन लोशन उत्तम. बाटली हलवून, कापसाने पातळ थर लावायचा, दिवसातून दोन-तीनदा. तेल, व्हॅसलीन, जाड क्रीम मात्र घामोळ्यावर अजिबात नको, त्याने बंद तोंडं आणखी बंद होतात.

टाल्कम पावडरवर आपला फार विश्वास आहे. कोरड्या अंगावर थोडी भुरभुरली तर हरकत नाही. पण घामावर थापली की तिचा चिखल होतो आणि तोच घड्यांत जाऊन बसतो. बाळाच्या तोंडाजवळ तर पावडरचा डबा उघडूही नये, ती श्वासातून फुप्फुसात जाते. बोरिक ऍसिड असलेली घामोळ्याची पावडर तान्ह्या बाळाला किंवा सोललेल्या त्वचेला लावू नये.

गार राहिलं की बहुतेक घामोळं चार-सहा दिवसांत उतरतं. पण अंगभर आलेलं असेल तर तेवढ्या त्वचेतून घाम नीट निघायला त्यानंतरही दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि तोवर शरीर लवकर तापतं. छाटणीवरच्या किंवा कांदा भरणाऱ्या मजुराला असं घामोळं असेल तर त्याला दुपारी बारा ते चार उन्हातून बाहेर काढा. काम सकाळी लवकर सुरू करा. हे मुकादमांनी आणि बागाईतदारांनी मनावर घेतलं पाहिजे.

नायटा: इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो

नायटा ही बुरशी आहे आणि ती घामट, बंद जागेत वाढते. घट्ट जीन्स, ओले अंतर्वस्त्र, एकच टॉवेल सगळ्यांनी वापरणं, ही तिची आवडती परिस्थिती. गेल्या दशकभरात भारतात हा आजार चिवट झाला आहे. पूर्वी दोन आठवड्यांत बरा होणारा चट्टा आता महिनोन्‌महिने रेंगाळतो. याचं एक मोठं कारण म्हणजे मेडिकलमध्ये ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून घेतलेली मिश्र मलमं. त्यांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि तीव्र स्टेरॉईड एकत्र असतं. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश होतो. पण स्टेरॉईड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबून टाकतं, त्यामुळे बुरशी आत आरामात वाढत राहते. ट्यूब थांबवली की चट्टा दुपटीने उसळतो. पुन्हा ट्यूब, पुन्हा उसळी. सहा महिन्यांनी त्वचा पातळ होते, जांघेत पांढरट-लाल भेगांसारखे वण पडतात, आणि ते वण आयुष्यभर जात नाहीत. हे वण वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या अंगावर दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखे असतात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टेरॉईडच्या अनेक मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी ती हातोहात मिळतात. म्हणून घरातली प्रत्येक ट्यूब आज उलटी करून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर ती नायट्यावर लावू नका. ही औषधं वाईट नाहीत. दुसऱ्या काही आजारांत डॉक्टर ती मोजून देतात. पण इथे ती घात करतात.

मग लावायचं काय? ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन किंवा क्लोट्रिमाझोल यांपैकी एकच औषध असलेलं, म्हणजे मिश्रण नसलेलं क्रीम. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं रुंदीच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेवरही लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चट्टा पूर्ण गेल्यावरही किमान दोन आठवडे चालू ठेवायचं. बहुतेक लोक खाज थांबली की थांबतात, आणि तिथेच आजार परततो. दोन आठवड्यांत काहीच उतार नसेल, चट्टे दोन-तीन ठिकाणी असतील किंवा आधी स्टेरॉईड लावलेलं असेल तर मलमावर भागत नाही. पोटातून घ्यायच्या गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या, कारण काही गोळ्या यकृताच्या आणि हृदयाच्या रुग्णांना चालत नाहीत.

औषधाइतकंच काम कपड्यांचं आहे. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. अंतर्वस्त्रं आणि मोजे रोज गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवा. एवढं ऊन आहे तर त्याचा उपयोग करून घ्या. घरात ज्या ज्या माणसाला चट्टा आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध सुरू करा, नाहीतर तो घरात फिरत राहतो.

शिबं हीही बुरशीच, पण सौम्य. छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी डाग, त्यावर बारीक कोंडा, घाम आल्यावर थोडी खाज. केटोकोनाझोलचा दोन टक्के शाम्पू त्या भागाला लावून पाच-दहा मिनिटांनी धुवायचा, असं सलग काही दिवस करायचं. त्वचेचा रंग मात्र पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. रंग आला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही, असं समजू नका.

ऊन, पित्त आणि स्पर्शाचे त्रास

उन्हाची ऍलर्जी बहुधा उन्हाळ्याच्या सुरुवातीला, उन्हात जाऊन आल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उमटते. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ आणि सनकोट घालतात ते अगदी योग्य आहे, फक्त तो स्कार्फ रोज धुवायला हवा, नाहीतर कपाळावर आणि मानेवर घामोळं येतं. उघड्या भागाला एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं लावा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा.

घाम आला, व्यायाम केला, गरम पाण्याने अंघोळ केली की बारीक गांधी उठून तासाभरात जात असतील तर ते उष्णतेने उठणारं पित्त. आमसुलाचं पाणी लावायची आपली पद्धत आहे. त्याने गार वाटतं आणि त्वचा सोललेली नसेल तर चालतं. पण पित्त थांबवतं ते सेट्रिझिनसारखं औषध. मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅमची एक गोळी रात्री. त्याने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यांनी आणि प्रेस मशिनवर काम करणाऱ्यांनी दिवसा ती घेऊ नये, आणि तिच्यासोबत दारू तर मुळीच नको. किडनीचा आजार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मुलांसाठी पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर गोळीची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.

स्पर्शाने होणाऱ्या खाजेत नाशिक जिल्ह्यात गाजर गवताचा, म्हणजे काँग्रेस गवताचा, वाटा मोठा. वाळलेल्या गवताचे कण वाऱ्यावर येतात आणि पापण्या, मान, कोपराच्या आतली बाजू इथे जाड, खाजरं पुरळ उठतं. बांधावरचं हे गवत हातमोजे घालून, फुलं येण्याआधी उपटावं. द्राक्षबागेत गंधक धुरळताना किंवा फवारणी करताना घातलेले कपडे घरातल्या कपड्यांत धुऊ नका, आणि आल्या आल्या अंघोळ करा. खोट्या दागिन्यांतला, घड्याळाच्या पट्ट्यातला निकेल घामात विरघळून त्वचेला लागतो. उन्हाळ्यात ते काढून ठेवलेलेच बरे. आंब्याच्या देठाजवळचा चीक ओठांना लागून तोंडाभोवती पुरळ येतं. आंबे पाण्यात भिजत घालून, देठ धुऊन खाल्ले की बहुतेकांचा हा त्रास टळतो.

खरूज उष्णतेमुळे होत नाही, पण घामोळं समजून महिनाभर कॅलामाईन लावत बसणारी घरं बरीच. परमेथ्रिनचं पाच टक्के क्रीम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीही, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा तसंच. तान्ही मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा, धुता येत नाहीत ते पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा.

घरगुती उपाय: काय ठेवावं, काय सोडावं

कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी गार करून अंगावर ओतायला हरकत नाही, पाला वाटून चोळू नका. मुलतानी माती घामोळ्यावर गार वाटते, कोरड्या त्वचेवर मात्र ती खाज वाढवते. कोरफडीचं पान कापून पिवळा चीक पूर्ण गळू द्यावा, मगच आतला गर लावावा, कारण त्या चिकानेच पुष्कळांना आग होते. लिंबू, खाण्याचा सोडा, लसूण, ऍसिडयुक्त काळपट मलमं ही त्वचा भाजतात. नायट्यावर लसूण बांधून फोड आलेले रुग्ण डॉक्टरांकडे आजही येतात. खोबरेल तेल वृद्धांच्या कोरड्या पायांना, अंघोळीनंतर अंग किंचित ओलं असताना लावलं तर फार चांगलं. तेच तेल घामोळ्यावर किंवा नायट्यावर नको.

डॉक्टरांकडे कधी, आणि जाताना काय न्यायचं

ताप, पू, झपाट्याने पसरणारी गरम लाली, तान्ह्या बाळाला अंगभर पुरळ, किंवा मधुमेह्याच्या पायावर खाजवून झालेली जखम, यांत थांबू नका. उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला आणि अंग चटका बसण्याइतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा.

अंगावर काहीच न दिसता सहा आठवड्यांहून जास्त खाज असेल तर साखर, किडनी, यकृत, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या कराव्या लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना पुरळाशिवाय खाज सुटली, विशेषतः रात्री, तर उन्हाळा म्हणून सोडून न देता त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना सांगा. यकृतातलं पित्त साठल्याने असं होऊ शकतं आणि त्याचा धोका बाळाला असतो.

खासगी त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसतील तर त्र्यंबक नाक्याजवळचं जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्या. मेडिकलमधून स्वतःहून घेतलेल्याही न्या, डॉक्टरांना त्यावरूनच बरंच कळतं. नायट्याची शंका असेल तर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आधी मलम लावलेलं असेल तर त्यात बुरशी नीट दिसत नाही, म्हणून दाखवायला जाण्याच्या दिवशी त्या जागी काहीही लावू नका आणि तसं डॉक्टरांना सांगा.